दर वीस मीटरला एक म्हसोबा

कर्वेनगर, पुणे
शुक्रवार, ९ मे २०२५

ती. अनिरुद्धदादा,

इकडे सगळं ठीक. उकाडा तुमच्याकडे असेल तेवढाच इथेही आहे. वहिनींनी पाठवलेलं लोणचं संपलं, बरणी परत करायची राहिली आहे. हे पत्र उद्या हाती पाठवतेय, बघून हसशील. पण मोबाइलवर काही लिहिलं की तुझा नुसता अंगठा येतो, आणि या वेळी मला अंगठा नको आहे.

वाघोलीच्या प्रोजेक्टची फाइल सहीसाठी मिळाली. तुझ्या बिल्डरच्या ऑफिसात काम फार सुबक चालतं, असं दिसतं. मार्चमध्ये ती जमीन आम्हीच मोजली. ओढ्यात मी स्वतः उतरले होते, बाभळीच्या काट्यांतून, मोजणीची प्रिझमची काठी धरून. दोन्ही काठांचे आणि तळाचे सगळे पॉइंट घेऊन तुला पाठवले. परत आलेल्या फाइलमध्ये ओढ्यातला एकही पॉइंट नाही. पॉइंटच काढून टाकले की सॉफ्टवेअर तरी काय करणार, ते या काठावरून त्या काठावर सरळ रेघ मारतं. माणूस उभा बुडेल एवढा खोल ओढा, आणि क्रॉस सेक्शनमध्ये, म्हणजे जमिनीच्या उभ्या छेदात, कॅरमबोर्ड.

सरळ रेघ कुणाच्या तरी डोळ्यांवर येईल, एवढी अक्कल मात्र तुमच्यात कुणाला तरी होती. म्हणून माळावरचा एक खडबडीत सेक्शन उचलून ओढ्याच्या, दर वीस मीटरला काढलेल्या, सगळ्या सेक्शनांवर चिकटवला. त्या एका सेक्शनमध्ये नेमका म्हसोबाचा चौथरा आलेला आहे. त्यामुळे आता तुमच्या जमिनीत दर वीस मीटरला एक म्हसोबा आहे. एवढं मोठं देवस्थान आपल्या हद्दीत आहे हे गावालाही ठाऊक नसेल. मी आधी हसले, मग फाइल बंद केली. डबा तसाच परत नेला.

आमच्या मोजणी ऑफिसचे दत्तप्रसाद सर म्हणाले, "मॅडम, सेक्शन सॉफ्टवेअर काढतं, आपण फक्त सही करायची. आणि साहेब तुमचे भाऊच ना?" त्या 'भाऊच ना'ची मला किळस आली. फोनवर तू म्हणालास, "अगं, कोरडा ओढा आहे तो. खाली पाइप टाकतोय, वर भराव. सगळेच करतात." मी काम शिकत असताना उंचीची एक लेव्हल चुकली तर मला भर उन्हात परत रानात पाठवणारा तूच होतास ना? मला तो माणूस आठवतो आणि आणखीच घाण वाटतं.

परवा वासंतीआत्या आली होती. गुडघ्यांमुळे तिसऱ्या मजल्यावरून उतरणं तिला आता नको झालंय, म्हणून तुमच्याच प्रोजेक्टमध्ये तळमजल्याचा फ्लॅट घेतेय. सी विंग, मागे छोटी बाग. जाई कुठे लावायची ते सांगत होती. मी म्हटलं, "आत्या, नकाशा नीट बघितलास का?" तर म्हणाली, "अनिरुद्ध आहे ना तिथे. मग मी कशाला नकाशे बघत बसू?" मी चहा गाळत राहिले. तिच्याकडे बघायची सोय नव्हती.

ती गेल्यावर माझ्या खऱ्या पॉइंटांवरून मी एक सेक्शन काढला, सरळ तिच्या हॉलमधून. जाईची जागा बरोबर ओढ्याच्या तळावर येते. हॉल, पलंग, देव्हारा, सगळं भरावावर. वाघोलीचा एखादा मोठा पाऊस त्या पाइपात मावणार नाही, हे खरं तर तू मला शिकवायला हवंस.

तुला ठाऊक नसेल, वरून कुणीतरी दबाव आणला असेल, असं मी दोन दिवस स्वतःला सांगत होते. मग वहिनींचा फोन आला. तुम्ही पण तिथेच फ्लॅट घेताय म्हणे. ए विंग. टेकाडावरची, चौथा मजला. वहिनी खुशीत होत्या, आणि मी फोन कानाला लावून नुसती हं हं करत होते. म्हणजे ओढा कुठे आहे हे तुला चांगलं ठाऊक आहे, दादा. फक्त आत्याला ठाऊक नाही.

त्या फाइलवर माझी सही होणार नाही. सोमवारी खरे सेक्शन देईन, सरांना चालले नाहीत तर राजीनामा देईन. बुधवारी आत्या कर्वेनगरचं घर विकायच्या कागदांवर सही करणार आहे. एकदा ते गेलं की तिला दुसरं घर नाही. रविवारी ती तुझ्याकडे जेवायला येतेय. तिला तूच सांग, आणि पानं वाढायच्या आधी सांग. नाही सांगितलंस तर सोमवारी सकाळी मी सांगेन. मग तिला ओढ्याबरोबर ए विंगचंही कळेल.

वहिनींना माझा नमस्कार सांग. तुला करायला हात उठत नाही.

कल्याणी