मधले पाच तास

३ जुलै
प्राचार्य मॅडमनी माहितीपत्रकाचा मजकूर दाखवला. डिजिटल फॉरेन्सिक शिकवणारे आम्ही दोघेच. कदम सर : निवृत्त फौजदार, तपासाचा तीस वर्षांचा अनुभव. मी : पोलीस तपासात तांत्रिक साहाय्य. म्हटलं, मॅडम, मी चौदा वर्षं काष्टीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवलं, मग सर्टिफिकेट केलं. तर म्हणाल्या, "दुकानाचं राहू द्या, पालक वाचतात. पोलिसांनी कधीतरी मदतीला घेतलंच असेल ना?" एकदा, म्हटलं. "मग झालं तर."

सही केली. बाहेर कदम सर हसत होते. "माझी निम्मी वर्षं बंदोबस्तात गेली ओ. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" त्यांना वाटतं मला दुकानाची लाज वाटते.

८ जुलै
जप्तीचा धडा. जप्त केलेला फोन चालू करायचा नाही, सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत टाकायचा. मग दरवर्षीचा किस्सा. एका दुकानदाराकडे हवालदार फोनचं लॉक काढायला आले. त्यानं हाताच्या सवयीनं चार्जर लावला, फोन चालू केला, रेंज येते का बघितलं. दुरुस्तीवाले पहिलं हेच करतात. सिम आतच होतं. रेंज आली आणि आरोपीच्या भावानं घरबसल्या इंटरनेटवरून सगळा फोन पुसला. दहा मिनिटांत स्क्रीनवर 'भाषा निवडा', नव्या कोऱ्या फोनसारखं.

वर्ग हसला. मीही हसलो. मागच्या बाकावरची नसरीन तेवढी लिहून घेत होती.

९ जुलै
नसरीननं जिन्यात गाठलं. "सर, कालच्या गोष्टीतला फोन कुठला हुता?"
पुस्तकातली गोष्ट आहे, म्हणालो. पटकन आलं तोंडात.
"आमच्या आपाच्या, थोरल्या बहिनीच्या केसमधी बी फोन कोराच निघाला. तो मानूस तिला लई धमक्या द्यायचा. आपानं भिऊन तिच्याकडचे मेसेज पुसले हुते, जे काय हुतं ते त्याच्याच फोनात. तो सुटला, आन् आपा खोटं बोलली असं ठरलं. काष्टीची केस हाय सर. म्हनून तर मी हा कोर्स घेतला."
बघू, म्हणालो. बघू! तिच्याकडे बघवत नव्हतं आणि म्हणे बघू. पुढचा तास घेतला, काय शिकवलं आठवत नाही.

११ जुलै
जेवण जात नाही. सुनंदा म्हणाली, "दुकानाचं नाव नाय पत्रकात म्हनून तोंड पाडून बसलाय व्हय? त्याच दुकानावर पोरी शिकल्या आपल्या." तिलाही सांगितलेलं नाही. एवढ्या वर्षांत नाही.

इथे तरी लिहितो. तो दुकानदार मी. फोन कसा पुसला गेला हे मला नंतर कोर्स करताना कळलं, पण पुसला गेला माझ्या टेबलावर, हे तेव्हाच कळलं होतं. आधी स्क्रीनवर एकामागून एक मेसेज येऊन पडले, ते मी पाहिले. मग कंपनीचं चिन्ह, मग कोरा. हवालदार टपरीवर चहाला गेले होते. परत आल्यावर विचारलं, "काय निघालं रे?" मी म्हणालो, "साहेब, कोराच हाय." त्यांनी तसंच लिहून घेतलं. दुकानात आणल्याचं कुठे लिहिलंच नाही. चूक एकवेळ समजण्यासारखी. ते 'कोराच हाय' मात्र मी शुद्धीत बोललो. दुकान बंद पडेल, या भीतीनं.

आणि त्याच्यावर किस्सा रचून वर्गाला हसवतो. भिकारडा माणूस आहे मी.

१८ जुलै
नसरीननं प्रकल्पाला आपाचीच केस घेतली. कोर्टातून कागदांच्या नकला आणल्या. मी शिकवलाय तसाच तक्ता आखलाय : फोन कधी, कुठे, कोणाच्या ताब्यात. अक्षर सुरेख. जप्ती सकाळी अकराला, ठाण्यात जमा दुपारी चारला.
"मधले पाच तास फोन कुठं हुता सर? हवालदार तर वारले. तुमी पोलिसांबरोबर काम केलंय, तुमाला काय वाटतं?"
माहितीपत्रक वाचलंय तिनं.
आपा कुठे असते, विचारलं. मिरजगावला मामाकडे. शिवणकाम करते. काष्टीत यायला तयार नाही, लग्नकार्याला सुद्धा. "आमचे अब्बा बी शेवटपर्यंत तिला म्हनायचे, खरं सांग."

१९ जुलै
मॅडमकडे गेलो होतो. म्हटलं, माझी माहिती दुरुस्त करायची आहे. "आता छापून झालंय सर. दुकानाचं एवढं काय मनाला लावून घेताय?" दुकानाचं नाही, म्हणालो. मग कशाचं, असं त्यांनी विचारलं. तास आहे, म्हणालो आणि निघून आलो. बोललो तर नोकरी जाईल. जावी. पण 'तो दुकानदार मी' हे वाक्य मॅडमसमोर सुद्धा तोंडातून निघालं नाही, तर मिरजगावात त्या बाईसमोर कसं निघणार?

२० जुलै
तक्ता तपासायला घरी आणलाय. बाकीच्या ओळींवर बरोबरच्या खुणा केल्या. तारखा, वेळा, सह्या, पोरीनं कुठे चूक ठेवलेली नाही. अकरा ते चारच्या ओळीत 'ताबा कोणाकडे' हा रकाना रिकामा. पुढे तिनं बारीक अक्षरात लिहिलंय, 'सरांना विचारणे'.

पेन्सिलीनं माझं नाव लिहिलं. खाली दुकानाचं नाव. अजून खोडलेलं नाही. खोडरबर कंपासात आहे, कंपास टेबलावर आहे. नसरीन उद्या साडेदहाला तक्ता न्यायला येईल.