गोजराचं पान

दाभोळ,
२२ सप्टेंबर १९९६

ती. दादास,
सुचित्राचा शि. सा. न. वि. वि.

तुझी कादंबरी ‘सुकतीची हाक’ इथल्या वाचनालयात आली. शेजारच्या मालतीबाई म्हणतात, वाचताना अंगावर काटा आला. पोस्टमास्तर म्हणतात, भुताखेतांचं लिहायला नवी मुंबईत कशाला राहायला हवं! मला मात्र तुझा भयंकर राग आलाय. सुकतीला, पाणी ओसरल्यावर, तिसऱ्यांची शिंपलं काढायला खाडीत उतरलेली आणि परत न आलेली ती मुलगी म्हणजे आपली गोजराताईच ना? नाव बदललंस, पण वेणीचं टोक चावायची सवय तशीच ठेवलीस. बहिणीला भूत करून गावभर फिरवलीस रे!

आईचं तुला ठाऊक आहे. देह मिळाला नाही म्हणून ताई कुठेतरी आहेच, असं धरून बसलीय. पितृपक्षात तिचं पान वाढू देत नाही. बाबांनी एकदा विषय काढला, तर भरल्या ताटावरून उठली होती. आता मालतीबाईंनी कौतुकाने निम्मं पुस्तक तिला वाचून दाखवलं. तेव्हापासून ती धड जेवत नाही. मला फार भीती वाटते.

रागावलेय, तरी लोभ आटवू नकोस.
तुझी,
सुचित्रा

सानपाडा,
२८ सप्टेंबर १९९६

चि. सुचित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. इथे सोसायटीत मी हिरो झालोय. खालच्या अक्षतावहिनी म्हणे दिवसासुद्धा खिडक्या लावून वाचतात. ऑफिसातले शहाजीराव म्हणाले, टेन्शन मस्त जमलंय, पण शेवटी भूत रडतं तिथे सगळी मजा गेली. त्यांना काय सांगू, तिथे मीच रडलो होतो. आपल्या घरात गोजीचं नाव काढायची चोरी. मग बोलायचं कुठे गं?

प्रकाशक दुसरी आवृत्ती काढू म्हणतायत. आईला त्रास होत असेल तर नको म्हणून कळवतो. पण पुस्तक आधी मालतीबाईंकडून काढून घे. शेवटी ती मुलगी दारात येऊन सांगते, की मी गेले, आता वाट पाहू नका. ते आईच्या कानावर जाता कामा नये.

तिला जप. माझ्यावरची माया राहू दे.
तुझा,
मधुकर

दाभोळ,
५ ऑक्टोबर १९९६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आतच आईने मालतीबाईंना बोलावून शेवट वाचून घेतला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. ती मुलगी दारात येते, तेवढा भाग आईने पुन्हा वाचायला लावला. मग पदराने डोळे पुसून विचारलं, की एवढ्या लांबून आलेल्या पोरीला मधूने दारातूनच का परत पाठवलं, जेवायचंसुद्धा विचारलं नाही. मालतीबाईंनी पुस्तक मिटून ठेवलं. मला तर रडूच फुटलं.

संध्याकाळी आई स्वतः परसात जाऊन केळीची पानं बघून आली. सर्वपित्रीला गोजराचंही वाढायचं म्हणाली. गूळ घालून घावने करायचेत, ताईला आवडायचे तसे.

दुसऱ्या आवृत्तीला नको म्हणू नकोस. आणि अमावास्येच्या आदल्या दिवशी इथे पोच. आईचा निरोप आहे, की पोरीला दारापर्यंत तूच आणलीस, तेव्हा तिचं पानही तूच वाढायचंस.

वाट पाहते.
तुझी,
सुचित्रा