पूर्ण वर्तमानकाळ आणि एक जुना टॉवेल

ति. दानम्माक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा, गुरुशांतचा, सोलापुराहून वाकून नमस्कार. दाजींच्या गुडघ्याला आराम पडला असेल, आणि पडला नसेल तरी त्यांनी अकलूजचा बाजार पायी हिंडणं सोडलं नसेल, हे मी इथे बसून सांगतो. गौरम्मा, सोमेश, सूनबाई सगळे खुशाल आहेत. फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर माझ्या तिसऱ्या वाक्याला तू "बरं, ठिवू का?" म्हणतेस. पत्र मध्येच ठेवता येत नाही. (येतं, पण मला दिसत नाही.)

शिक्षण मातृभाषेतूनच हवं, हे मी बोललो नाही असं व्यासपीठ या जिल्ह्यात उरलेलं नाही. ते मत आजही तसूभर हललेलं नाही. ज्याला स्वतःच्या भाषेत विचार करता येत नाही, त्याच्या तोंडातली परकी भाषा म्हणजे दुसऱ्याची कवळी! (इथे टाळ्या पडतात.) तरीही अक्का, मी नवी पेठेत एका कापड दुकानाच्या माडीवर इंग्रजीच्या क्लासला जातो. कारण सोमेश.

त्याच्या टॉवेलच्या कारखान्यातले निम्मे माग दिवाळीपासून बंद आहेत. अशात आयर्लंडची एक खरेदीदार बाई माल बघायला येणार असं ठरलं. तिची ऑर्डर मिळाली तर माग पुन्हा चालणार, नाही तर उरलेलेही विकायचे. आणि या प्रसंगी माझा मुलगा मला काय म्हणाला? "अप्पा, त्या आल्या की तुमी नुसतं हसा की. बोलू नका." ज्याचं भाषण आवरायला आयोजकांना दोनदा वीज घालवावी लागली, त्या माणसाला म्हणे हसा! दुसऱ्याच दिवशी मी क्लासात नाव घातलं.

शिकवणाऱ्या रेश्मा मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, पण करारी. पूर्ण वर्तमानकाळापर्यंत आमचं बरं चाललं होतं. तिथे भांडण झालं. त्या म्हणाल्या, काम मागे झालेलं असतं पण त्याचा परिणाम आत्ता समोर असतो, तेव्हा हा काळ वापरायचा. मात्र काम कधी झालं ते सांगायचं नाही. सांगायचं नाही? वक्त्याकडून साल काढून घेतलं तर त्याच्याकडे उरतं काय? माझं प्रत्येक भाषण बहात्तरच्या दुष्काळापासून निघतं. मी उभा राहून "आय हॅव सीन द ड्रॉट इन सेवन्टी-टू" अशी गर्जना केली, तर मॅडम म्हणाल्या, "काका, साल घातलंत की मोडला काळ. नुसतं 'आय हॅव सीन अ ड्रॉट' म्हणा आणि थांबा." थांबा! हा शब्द मला आजवर कोणी इतक्या प्रेमाने सांगितला नव्हता.

घरी परतताना मात्र ते पटलं. दुष्काळ कुठल्या साली पडला हा प्रश्नच नाही. तो पाहिलेला माणूस आज तुमच्यासमोर उभा आहे, हे महत्त्वाचं. शिवाय मागे सुरू झालेलं आणि अजून संपलेलं नाही असं सगळंही याच काळात बसतं. म्हणजे आपलं आयुष्यच की! आणि आपण सोलापूरकर तर दारातच याच काळात विचारतो: जेवलात का?

तेच नडलं. बाई आली. मी आधी सोमेशसाठी हसलो आणि मग स्वतःसाठी विचारलं, "हॅव यू ईटन?" ती म्हणाली, "यस, आय हॅव ईटन." आता तूच सांग, आपल्याकडे 'जेवून आलोय' म्हणणाऱ्याला कोणी न जेवता सोडलंय? भुकेलेला माणूस दुसरं म्हणतो तरी काय? मी पान मांडायला लावलं. शेंगापोळी झाली, त्यावर तूप झालं, भाकरी, दही, चटणी झाली. ती दर वेळी "आय हॅव ईटन" म्हणायची, आणि काळ अचूक ओळखल्याच्या आनंदात मी दर वेळी वाढायचो. गौरम्मा स्वयंपाकघरातून ओरडली, "अवो, साकु, पुरे आता! तोंड बगा की तिचं." मी म्हणालो, "लाजतीया ती."

शेवटी बाई माग बघायला म्हणून उठली, दोन पावलं चालली आणि दिवाणावर बसली. बसली ती झोपलीच. सोमेश माझ्याकडे बघून म्हणाला, "निजली अप्पा. ऑर्डर निजली."

जाग आल्यावर तिने तोंड धुतलं. गौरम्माने दोरीवरचा टॉवेल तिच्या हातात दिला. बाईने तोंड पुसलं, थबकली, टॉवेल उलटा केला, ताणला, उजेडात धरला आणि विचारलं, हा किती वर्षांचा? सोमेशने तोंड उघडायच्या आत मी उभा राहिलो. "वुई हॅव यूज्ड इट सिन्स सोमेशेस वेडिंग." आणि अक्का, मी थांबलो! बहात्तर नाही, दुष्काळ नाही. सोमेशच्या लग्नाला नऊ वर्षं झाली हे कळल्यावर बाईने तो टॉवेल गालाला लावला आणि मागूनच नेला. जाताना म्हणाली, चांगली बातमी कळवेन. सोमेश मला म्हणाला, "बरं बोललात अप्पा." (एवढंच. त्याला भाषण येत नाही.)

पाकीट फुगायला लागलं, म्हणून हात आवरतो. दाजींना माझा नमस्कार आणि गुडघ्याला विश्रांती सांग.

तुझा,
गुरुशांत

ता. क. – पत्र पेटीत टाकायचं राहिलं, तेवढ्यात गौरम्माने भाजी निवडता निवडता सहज सांगितलं की तो टॉवेल आपला नव्हेच. "आपलं कुटं वापरतो आपण? ती समदी विकायला. ह्यो लग्नात आहेरात आलावता, दुसऱ्या कारखान्याचा." म्हणजे माझं वाक्य बिनचूक होतं, टॉवेल परका होता. सोमेश म्हणाला, गप्प बसू. मी म्हणालो, दुसऱ्याच्या विणकामावर माझ्या घरचे माग फिरणार नाहीत! कळवायला लावलंच. बाईचं उत्तर आलं की ती खूप हसली, आणि तुमचा स्वतःचा, तितकाच वापरलेला टॉवेल पाठवा, तो असाच मऊ निघाला तर ऑर्डर तुमची.

ता. ता. क. – त्याच लग्नात आम्ही दाजींना टॉवेल-टोपीचा आहेर केला होता. तो आपल्याच मागावरचा, लाल काठाचा. आहेराचा टॉवेल ट्रंकेत ठेवून पुढच्या लग्नात पुढे सरकवायची आपली रीत मला ठाऊक आहे, म्हणून आठवडाभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पण आज आठवलं, मागच्या खेपेला दाजी शेकलेल्या गुडघ्याला काहीतरी लाल काठाचं गुंडाळून बसले होते. अक्का, तोच असेल तर सोमेशचे माग दाजींच्या गुडघ्यावर अडलेत. मंगळवारी न्यायला येतो. बदल्यात सहा नवे आणतो. ते मात्र वापरा. स्वयंपाकाची खटपट करू नकोस, मी जेवून येईन. (हे खरं धरू नकोस.)