शिरगावच्या बायकांची सोनोग्राफी

प्रिय बाबा,

हे पत्र तुझ्या चहापावडरच्या डब्यात ठेवलंय, कारण बोटीवर चहा तूच करतोस आणि त्या डब्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीस. लॅबमधल्या नमुन्याच्या पिशवीत बंद केलंय, भिजणार नाही. घरी मी नलूआत्याच्या स्नेहाचं नाव काढलं की तुला जाळं आठवतं, नाहीतर बर्फाची गाडी. तुझ्या भाचीला खरं सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. बोटीवरून उठून जाशील कुठे?

आधी ताईची खबर. कालच वाणगावला जाऊन आले. दीपिकाताई डोक्याला रुमाल बांधून कोलंबी सोलत बसली होती. केमोनंतर वासाने मळमळतं, तरी. सासू नको म्हणते, पण ही ऐकत नाही. मला म्हणाली, “बाबा रागावलाय का घाबरलाय गं?” मी म्हटलं, त्याच्या तोंडावरून फरक कळला की कळवते. ऑपरेशनच्या टाक्यांवर हात दाबून हसली. मी हसले नाही.

नलूआत्याचं शेवटचं वर्ष मला आठवतं. हातपाय काड्या आणि पोट तेवढं फुगलेलं. आपण सगळीकडे ‘पोटात पाणी झालं’ एवढंच सांगायचो. कुणी कंपन्यांच्या सांडपाण्याला शिव्या घातल्या. ते पाणी मी लॅबमध्ये रोज तपासते, त्याच्याशी माझं भांडण वेगळं आहे. आत्याला अंडाशयाचा कॅन्सर होता, आणि तो शब्द तुला माहीत होता. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी तुला बाजूला घेऊन सांगितलं होतं, नात्यातल्या बायकांची तपासणी करून घ्या. आईने मला हे आत्ता सांगितलं, तेही कौतुकाने, कारण तू खरंच करून घेतलीस. टेम्पो ठरवून आत्याची सासू, जाऊ आणि दोन्ही नणंदा शिरगावहून पालघरला नेल्यास, सगळ्यांची सोनोग्राफी केलीस, वर वडापाव खाऊ घातलेस. सगळ्या ठीक निघाल्या. निघणारच. आत्याच्या रक्ताशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ज्यांचा होता त्यांतली स्नेहा तेव्हा लहान होती, आणि आम्ही दोघी बहिणी त्या दिवशी दारात जवळा वाळत घालत होतो.

तू दुर्लक्ष केलं असतंस तर ओरडून मोकळी झाले असते. पण तू एवढी धावपळ केलीस, ती चुकीच्या बायकांसाठी. हेच मला गिळता येत नाही.

गेल्या वर्षी ताईचं पोट दुखायला लागलं. बोईसरच्या डॉक्टरने विचारलं, माहेरी कुणाला कॅन्सर? तू शेजारी बसून म्हणालास, “आमच्या घरात कुनालाच नाय.” तू खोटं बोलला नाहीस, हे मला कळतं. तुझ्या लेखी नलूआत्या लग्नाच्या दिवशीच शिरगावची झाली, मग तिचा आजारही शिरगावचा. ताईचे महिने अॅसिडिटीच्या गोळ्यांत गेले. आमच्या लॅबमध्ये पाण्याचा नमुना कुठल्या टाकीतून काढला हे चिठ्ठीवर नसेल तर मी तो परत पाठवते. तू डॉक्टरला सगळं सांगितलंस आणि टाकी तेवढी वगळलीस.

पुढे मुंबईला ताईच्या रक्तात तो जनुकातला दोष सापडला. आईचं रक्त तपासलं, तिच्यात नाही. म्हणजे उरलास तू. “माझ्या पोटात कुठं हाय ती पिशवी?” असं विचारलंस आणि आपणच हसलास. पिशवी नाही, बाबा. पण आजाराला अवयव लागतो, वारशाला लागत नाही. तुला आणि आत्याला तो एकाच घरातून आला. त्यात तुझा दोष नाही. गप्प बसण्यात आहे.

माझाही रिपोर्ट आला. माझ्यात नाही. आईने देवीला नारळ फोडला, आणि घरी परतल्यावर तुम्ही दोघं मला म्हणालात, “तू सुटलीस ना? मग गप ऱ्हा. स्नेहाचं लगीन तोंडावर हाय, मोडायचं हाय का?” मी सुटले म्हणून मला बोलायचा हक्क नाही, असं तुमचं म्हणणं. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

आत्याकडे तो दोष होता असं धरलं, आणि तसं धरायलाच हवं, तर स्नेहाकडे तो असण्याची शक्यता निम्मी आहे. उद्याच काही होणार नाही. तिच्या हातात वर्षं आहेत. तपासणी करायला, मुलं कधी हवीत ते ठरवायला, वेळेत ऑपरेशन करून घ्यायला. ताईकडेही ती वर्षं होती. आपण ती गप्प बसून खाल्ली.

लग्नानंतर सांगू, म्हणतोस. लग्नानंतर ती माहीमची होईल. मग तिला सांगायचं कुणी? शिरगावकर म्हणतील, आता ती आमची नाही. तू तर आधीपासूनच म्हणतोयस. की माहीमच्या सासू-नणंदांसाठी पुन्हा टेम्पो ठरवशील?

हे पत्र लिहिलं ते तुला अपराधी ठरवायला नाही, तेवढा वेळ माझ्याकडे नाही. मंगलाष्टकांना तू मामा म्हणून तिच्या मागे उभा राहणार, त्यासाठी जाकीट शिवून आणलंयस. शोभेल तुला. पण त्याआधी एकदा तिच्यासमोर बस. माझं ऐकून ती नुसती घाबरेल. तुझ्यापुढे रडेल आणि मग ऐकेल, कारण आई गेल्यावर तिला आईकडचं माणूस म्हणून तूच उरलास. लग्न करायचं की नाही, नवऱ्याला काय सांगायचं, ते ती ठरवेल. ते आपण ठरवायचं नाही. बोट लागेल तेव्हा मी स्कूटर घेऊन बंदरावर उभी असेन. मासळी उतरव, घरी येऊन आंघोळ कर, मग शिरगावला जाऊ. मागे बसला नाहीस तर मी एकटी जाईन, आणि नलूआत्या कुणाच्या घरची होती तेही सांगेन.

तुझीच, आणि लग्न झालं तरी तुझ्याच रक्ताची,
हिमानी