माझी देखभाल-दुरुस्ती

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (तो कागदावरूनच घे, सध्या प्रत्यक्षात वाकले तर उठवायला माणूस लागतं.) तुझे गुडघे आणि भावोजींचं ब्लडप्रेशर जागच्या जागी असेल असं धरून चालते. मी मजेत आहे. पत्रात हे लिहायचं असतं म्हणून लिहिलं.

फोन सोडून पत्र का, तर आमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवायची पद्धत आहे. मी नुसतं "ताई" म्हटलं की सगळं घर भोवती गोळा होतं, आणि विषय तसा नाही. पाळी जाऊन दोन वर्षं झाली, सुटले म्हणून मी खुशीत होते, तर मागच्या महिन्यात पुन्हा डाग दिसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेक वेळा काळजीचं काही निघत नाही, पण आतला एक तुकडा काढून तपासायला हवा, टाळू नका. मी बरं म्हणून घरी आले आणि तेव्हापासून टाळते आहे. घरात कोणाला बोललेले नाही. का, ते कळायला तुला आमच्या घरची हकीकत ऐकावी लागेल. (तू माझ्याआधी या सगळ्यातून गेलीस आणि चकार शब्द काढला नाहीस, तेव्हा एवढी शिक्षा तुला व्हायलाच हवी.)

झालं काय, की एकदा जेवताना मला घामाच्या धारा लागल्या आणि "अंगातून नुसत्या वाफा निघतायत" असं मी बोलून गेले. आता हे वाक्य कोणापुढे बोलावं? ह्यांचा सगळा जन्म कारखान्यातल्या बॉयलरची देखभाल करण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यापासून हाताशी बॉयलर नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक खोलीत एकेक थर्मामीटर लागला. मला घाम फुटला की हे धावत यायचे आणि भिंतीवरचा पारा बघायचे. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. शेवटी निदान झालं की माझ्यात काहीच बिघाड नाही, स्वयंपाकघरात हवा खेळत नाही. गवंडी आला, भिंत फोडली आणि ओळखीच्या भंगारवाल्याकडून आणलेला कारखान्याचा पंखा तिथे बसला. तो लावला की गॅस विझतो आणि ताटावरची पोळी दारापर्यंत जाते. सूनबाई स्वेटर घालून चहा करते. मी पूर्वीइतकीच घामाघूम असते, फक्त आता शिंकतेही.

सूनबाईने माझी हाडं ताब्यात घेतली आहेत. कॅल्शियमच्या गोळ्या, सकाळचं ऊन, आणि दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या धरून उठाबशा. तिचं चुकत नाही. वजन उचला, हाडं टिकतील, असं डॉक्टरीणबाईही म्हणाल्या होत्या. पण त्याचा व्हिडिओ काढून माहेरच्या ग्रुपवर टाका, असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या. परवा एका लग्नात विहीणबाईंनी चारचौघांत मला सांगितलं, की खाली बसताना तुमचे गुडघे फार पुढे येतात. चिरंजीव मात्र सभ्य आहेत. हा विषय निघाला की ते खोलीबाहेर जातात आणि जाताना दार हळू लावतात.

राहता राहिलं ऑफिस. औषधांच्या आमच्या गोदामात लशींसाठी थंड खोली आहे, आणि तिची किल्ली माझ्याकडे. अंगाची लाहीलाही झाली की मी आत जाऊन उभी राहत असे. मग हिशेबनीस बाई यायला लागल्या, मग पॅकिंगमधल्या दोघी. आम्ही चौघी लशींच्या खोक्यांमध्ये निमूट उभ्या असायचो, आणि खरं सांगते, जगात दुसरीकडे कुठे मला इतकं कोणी समजून घेतलेलं नाही. नव्या मॅनेजरने (मुलगा माझ्या मुलापेक्षा लहान) ते पाहिलं आणि भर मीटिंगमध्ये आमच्या निष्ठेचं कौतुक केलं, की या वयातही भगिनी लशींची जातीने पाहणी करतात. आणि हा त्रास पुन्हा पडू नये म्हणून खोलीला तापमान आपोआप नोंदवणारं यंत्र बसवून किल्ली काढून घेतली. आम्हाला गुलाबाचं एकेक फूल मिळालं.

तर ताई, ही आमची माणसं. सगळी जीव लावणारी, त्याचीच तर धास्ती आहे. डाग दिसला म्हटलं तर हे गळती शोधायला लागतील, सूनबाई ग्रुपला विचारील, चिरंजीव दार लावतील. म्हणून मी तोंड मिटून आहे. बाकी इकडे सर्व ठीक. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी
धाकटी

ता. क. : एक छोटंसं काम होतं. तू जरा आजारी पड. फार नको, चार दिवस पुरेल इतकंच. फोन कर, थोडं कण्ह आणि "धाकटीला पाठवा" म्हण. (स्पीकर असेलच, वेगळं ओरडावं लागणार नाही.) तुझी सेवा करायला म्हणून मी निघते आणि तपासणी तिकडेच उरकून घेऊ. आजार कुठला ते तू ठरव, मशीनशी जुळणारा मात्र नको, नाहीतर हे पाने-पकडी घेऊन सोबत येतील. मला एकटीला जायची भीती वाटते, ताई.

पुन्हा ता. क. : कण्हू नकोस. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात हे आले, एवढं लांबलचक काय लिहितेस म्हणाले. थाप मारायला तोंड उघडलं आणि सगळं खरंच सांगून बसले. वाटलं, आता मोबाईल काढून त्यावर दुरुस्ती शोधायला लागतील. नाही काढला. शेजारी बसले आणि "दुखतं का गं?" एवढंच विचारलं. नाही म्हटलं, तरी हात सोडेनात. गुरुवारची वेळ त्यांनीच घेतली आहे, आणि तेव्हापासून घरात एक स्क्रूसुद्धा पिळलेला नाही. तू मात्र येच. आत माझ्याजवळ डॉक्टरीणबाई असतील. बाहेर बाकावर ह्यांच्याजवळ बसायला कोणीतरी हवं.