तंबू टेकाडावर नेला

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. आम्ही तिघंही सुखरूप आणि कोरडे आहोत, हे आधी सांगते. बाकीचं सावकाश वाच.

इथली नदी तू पाहायला हवी होतीस. पात्रात लहान लहान हिरवी बेटं, म्हशी डुंबत बसाव्यात तशी. तंबू आम्ही अगदी काठावर ठोकला होता. दुपारी आभाळ फाटलं. हे म्हणाले, "सर आहे, जाईल." मला मात्र बाबा आठवले: "नदीशी गप्पा माराव्यात, तिच्या उंबऱ्यावर झोपू नये." ते दोघांना ऐकवून मी हट्टानं तंबू टेकाडावर न्यायला लावला. संध्याकाळी आमची आधीची जागा पाण्याखाली होती. समोरचं बेटही दिसेना.

लेक मला बिलगून म्हणाली, "आजोबांना कसं गं माहीत होतं?" आपण असे भिजून बसलो की बाबा मोठ्यानं बेसूर गायचे, तसंच मग मी गायले. हेसुद्धा!

आईला भुरभुर पाऊस होता, एवढंच सांग. तिचा खोकला खरंच कमी आहे का? मला ती फोनवर "बरी आहे"च म्हणते.

बाबा गेल्यापासून तू एकदाही नदीवर गेला नाहीस. पुढच्या सुट्टीत आमच्याबरोबर चल. जागा तू निवड.

तुझी,
धाकटी