चार पालथ्या पराती

एडिसन, १५ ऑक्टोबर २००७

प्रिय सिद्धेश,

‘प्रिय’ सवयीने लिहिलंय, फार खूश होऊ नकोस. फोन मुद्दामच केला नाही. मी ओरडले असते, तू ‘ताई, चिल’ म्हणाला असतास आणि मी फोन आपटला असता. तेव्हा आता गपचूप वाच.

शनिवारी चार तास ड्राइव्ह करून बाबांना तुझ्या युनिव्हर्सिटीच्या गावी, स्टेट कॉलेजला आणलं, ते तुझ्या मित्रांसमोर त्यांचा पाणउतारा व्हावा म्हणून नव्हे. शुक्रवारी कमिटीसमोर पीएचडीच्या थीसिसचा डिफेन्स आहे, त्याची प्रॅक्टिस म्हणून तू भिंतीवर स्लाइड्स दाखवत होतास. चिनी नौदलाच्या नव्या विनाशिका, चार बोटी, सगळ्या एकाच बनावटीच्या, एकच क्लास. बाबा हळूच म्हणाले, अरे, १६८ आणि १६९ नंबरच्या वेगळ्या, १७० आणि १७१ वेगळ्या. खालचा सांगाडा तोच आहे, पण १७०वर बोट जिथून चालवतात त्या ब्रिजभोवती पालथ्या पराती ठोकल्यासारखी चार रडार आहेत, १६८ला नाहीत. सगळे हसले. हसू देत, परात म्हटल्यावर हसायला येणारच. पण तू काय म्हणालास? बाबा, तुम्ही बोटीवर पोळ्या लाटल्यात, रडारमधलं तुम्हाला काय कळतंय!

लाज नाही वाटली रे? हो, लाटल्या. एकवीस वर्षं नौदलाच्या भटारखान्यात, बोट हेलकावे खात असताना दोन-अडीचशे माणसांना गरम जेवायला घातलं. त्याच पोळ्यांवर तू मोठा झालास, शहाण्या. लांबून येणारी बोट नुसत्या आकारावरून ओळखायच्या पैजा लागायच्या आणि बटाटे सोलता सोलता बाबा जिंकायचे, हे शाळेत कोण सांगत फिरायचं? तूच ना?

आणखी एक, जे तुला माहीतच नाही. तू हा विषय घेतल्यापासून बाबा पुण्याला असले की रोज सायबर कॅफेत जाऊन त्या बोटींचे फोटो बघतात, वहीत चित्रं काढतात. का? तर रविवारी फोनवर तुझ्याशी बोलायला काहीतरी असावं म्हणून. आणि तुला दर वेळी दोन मिनिटांत मीटिंग असते. रविवारी कसली रे मीटिंग?

परत येताना गाडीत ते ती वहीच चाळत होते. आज सकाळी मी तुझा उद्धार करत होते, तर मलाच दटावलं आणि वहीतलं पान फाडून दिलं. ते सोबत जोडलंय. दोन्ही बोटी, पराती लाल पेनने. म्हणाले, पोराचा तिसरा चॅप्टर सगळा ‘चार बोटी, एक क्लास’ धरूनच उभा आहे. शुक्रवारी कमिटीतलं कोणीतरी पकडणारच, त्याची नाचक्की होईल. तू पत्र लिही. माझं नाव घेऊ नकोस, नाहीतर तो ऐकायचा नाही. कुठेतरी वाचलं म्हणून सांग.

मी खोटं सांगणार नाही. बाबांनीच दाखवलंय. शुक्रवारच्या आत दुरुस्त कर. आणि चूक कशी लक्षात आली असं कमिटीने विचारलं, तर सगळ्यांसमोर नीट नाव घे: राजाराम सुर्वे, नौदलाचे आचारी, माझे वडील.

संतापलेली, तरी तुझीच,
नेत्राताई